वाचकांचे प्रश्न : साम्राज्याची खतावणी

गेल्या अंकातील सुएझ कालव्यावरच्या टिपणात आम्ही जाता जाता लिहिले होते की ब्रिटिश साम्राज्य आधी हिशेबाच्या वहीत संपले आणि मग नकाशावरून उतरले. या एका वाक्यावर बरीच पत्रे आली. काहींना ते पटले, तर काहींना ते स्वातंत्र्यलढ्याचे श्रेय हिरावून घेणारे वाटले. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी चाळीस वर्षे इतिहास शिकवला आणि दर वर्षी मुलांना सांगितले, की दुसऱ्या महायुद्धाने इंग्लंड दुबळे झाले व म्हणून त्याने भारत सोडला. एकदा एका मुलाने विचारले, "सर, पण युद्ध तर इंग्लंडनेच जिंकले ना? मग दुबळे कसे झाले?" त्या दिवशी मी वेळ मारून नेली. आपण काय सांगाल?
(एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : मुलाची शंका रास्त होती. इंग्लंडने युद्ध जिंकले हे खरे, पण ते बव्हंशी उधारीवर जिंकले. सप्टेंबर १९४० मध्येच पन्नास जुन्या अमेरिकी विनाशिका मिळवण्यासाठी ब्रिटनला कॅरिबियनमधील आपल्या वसाहतींत अमेरिकेला ९९ वर्षांच्या पट्ट्याने तळ द्यावे लागले होते. पुढच्या वर्षाच्या आरंभी देशातील सोने आणि डॉलर जवळपास संपले, तेव्हा मार्च १९४१ मध्ये अमेरिकी काँग्रेसने उसनवारीने युद्धसाहित्य पुरवण्याचा कायदा केला आणि त्याच्या आधारावर ब्रिटन पुढची चार वर्षे लढले. या काळात त्याचे कारखाने तोफा आणि विमाने बनवत राहिले, निर्यात घटली आणि परदेशांतली गुंतवणूक विकून खाणे भाग पडले. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण आला आणि आठवड्याभरातच अध्यक्ष ट्रूमन यांनी ही उसनवारी बंद केली. अर्थतज्ज्ञ केन्स यांनी त्याच महिन्यात सरकारला दिलेल्या टिपणात 'आर्थिक डंकर्क' असे शब्द वापरले होते (डंकर्क म्हणजे १९४० मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरून ब्रिटिश सैन्याला घ्यावी लागलेली माघार). तेच केन्स वॉशिंग्टनला गेले ते अनुदान किंवा निदान बिनव्याजी रक्कम मिळेल या आशेने, आणि परत आले ते ३७५ कोटी डॉलरचे दोन टक्के व्याजाचे कर्ज घेऊन. कर्जाला अट होती, की करार अमलात आल्यापासून एका वर्षाच्या आत पौंडाचे डॉलरमध्ये रूपांतर खुले करावे. जुलै १९४७ च्या मध्यात अट पाळली गेली, पौंड बाळगणाऱ्यांनी डॉलरसाठी रांग लावली आणि पाच आठवड्यांत सरकारला ते दार पुन्हा बंद करावे लागले.

विजेत्या देशातले रोजचे जगणे कसे होते, तेही मुलांना सांगण्यासारखे आहे. जर्मन विमाने डोक्यावर असतानाही ब्रिटनमध्ये पावावर कधी रेशन आले नव्हते. ते आले जुलै १९४६ मध्ये, शांतता प्रस्थापित झाल्यानंतर. त्यानंतरच्या हिवाळ्यात बर्फाने रेल्वे अडली, कोळसा खाणींच्या तोंडाशी पडून राहिला आणि १० फेब्रुवारी १९४७ पासून निम्म्याअधिक इंग्लंडात कारखान्यांची वीज तोडण्यात आली. घरांतही सकाळी नऊ ते बारा आणि दुपारी दोन ते चार वीज वापरण्याची मनाई होती. हे चालू असतानाच १८ फेब्रुवारीला परराष्ट्रमंत्री बेव्हिन यांनी पॅलेस्टाइनचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांकडे सोपवत असल्याचे पार्लमेंटला सांगितले. २० तारखेला पंतप्रधान ॲटली यांनी जून १९४८ पर्यंत भारत सोडण्याची घोषणा केली. आणि २१ तारखेला वॉशिंग्टनमधील ब्रिटिश वकिलातीने अमेरिकी सरकारला कळवले, की ग्रीस आणि तुर्कस्तान यांचा खर्च यापुढे आम्हाला झेपणार नाही. पॅलेस्टाइन, हिंदुस्थान आणि पूर्व भूमध्य समुद्र यांवरचे हात सैल करण्याचे निर्णय असे चार दिवसांत जाहीर झाले. ग्रीस-तुर्कस्तानचा भार उचलण्याची घोषणा ट्रूमन यांनी तीन आठवड्यांतच, १२ मार्चला केली. सत्तेचे हस्तांतरण हा शब्दप्रयोग आपण १५ ऑगस्टपुरताच वापरतो, पण त्या वर्षीचे एक हस्तांतरण मार्च महिन्यातच उरकले होते.

आता श्रेयाचा मुद्दा. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात खलाशांनी निकृष्ट जेवण आणि अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध संप पुकारला. तो बघता बघता बंदरातल्या जहाजांवर आणि कराचीपर्यंत पसरला, मुंबईचे गिरणी कामगार त्यांच्या बाजूने रस्त्यावर आले आणि शहरात गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे मेली. हिंदी सैनिक यापुढे हुकूम मानीलच, याची खात्री दिल्लीतल्या अधिकाऱ्यांना त्यानंतर उरली नाही. हिंदुस्थान बळाने ताब्यात ठेवायचा तर गोरे सैन्य आणावे लागले असते, आणि त्या सैन्याचा पगार द्यायला लंडनच्या तिजोरीत पैसे नव्हते. राज्य चालवण्याची किंमत इथल्या चळवळींनी वाढवत नेली आणि ती मोजणाऱ्याचा खिसा युद्धाने रिकामा केला, असे आम्हाला वाटते. यांतले एक मान्य केले म्हणून दुसरे नाकारावे लागत नाही.

प्रश्न : वडील सांगत, की स्वातंत्र्याच्या वेळी इंग्लंडच आपले देणे लागत होते. हे खरे का? असल्यास त्या पैशांचे पुढे काय झाले?
(एक निवृत्त बँक अधिकारी, ठाणे)

उत्तर : खरे आहे, आणि या विषयातला आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग हाच आहे. युद्धापूर्वी ऋणको हिंदुस्थान होता. १९३९ च्या अखेरीस असे ठरले, की हिंदी सैन्याचा नेहमीचा खर्च हिंदुस्थान सरकारने सोसावा, परंतु ब्रिटनच्या युद्धासाठी होणारा जादा खर्च आणि खरेदी यांची भरपाई ब्रिटनने करावी. ती भरपाई लंडनमध्ये, पौंडांत, नुसती खात्यावर जमा होत राहिली. इथल्या शेतकऱ्याला, गिरणीमालकाला आणि सैनिकाला द्यायचे रुपये मात्र रिझर्व्ह बँकेने त्या लंडनच्या कागदांच्या तारणावर नोटा छापून दिले. युद्धकाळात चलनातील नोटा सुमारे सहा पट झाल्या. धान्य, कापड आणि रॉकेल महागले. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची कारणे अनेक होती, पण भाववाढ हे त्यांतले एक ठळक कारण होते. म्हणजे ज्याला आपण 'येणे' म्हणतो ती सक्तीची बचत होती, आणि ती पोटाला चिमटा काढून केलेली होती.

युद्ध संपले तेव्हा ब्रिटनचे अशा प्रकारचे देणे सुमारे ३५० कोटी पौंड होते आणि त्यांतले १३० कोटी पौंडांच्या आसपास एकट्या हिंदुस्थानचे. पौंडाला तेरा रुपये पाच आणे या दराने ते १,७०० कोटी रुपयांहून अधिक भरतात. हा पैसा कधी व कसा मिळणार, हा प्रश्न जुलै १९४४ मध्ये युद्धोत्तर चलनव्यवस्था ठरवण्यासाठी अमेरिकेत भरलेल्या ब्रेटन वुड्स परिषदेत हिंदी प्रतिनिधींनी लावून धरला. त्या शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेला हा माणूस आयसीएसमध्ये घडलेला, मितभाषी आणि आकड्यांचा पक्का. उद्योगपती ए. डी. श्रॉफ यांनी तेथे हिंदुस्थानची अवस्था बँकेत दहा लाख डॉलर असूनही टॅक्सीचे भाडे द्यायला खिशात पैसे नसलेल्या माणसासारखी असल्याचे सांगितले. देणे सन्मानाने फेडले जाईल असे केन्स म्हणाले, पण विषय त्यांनी नियोजित आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कक्षेबाहेरच ठेवला. चर्चिल यांचे म्हणणे याहून वेगळे होते. आम्ही हिंदुस्थानचे जपानपासून रक्षण केले, त्याचा मोबदला या रकमेतून वळता करावा, असा त्यांचा आग्रह होता. ब्रिटनचे सिंगापूर जपानने घेतल्यानंतर असा दावा करायला धार्ष्ट्य लागते.

पैसा बुडाला नाही, पण हवा तेव्हा हातीही आला नाही. स्वातंत्र्याच्या आदल्या दिवशी, १४ ऑगस्ट १९४७ रोजी, जो करार झाला त्यात शिलकीची दोन खाती करण्यात आली: एक चालू आणि दुसरे गोठवलेले. गोठवलेल्या खात्यातून रक्कम थोडी थोडी सोडली जाई. १९४८ च्या करारानुसार ब्रिटिशांनी मागे ठेवलेल्या लष्करी सामानाची किंमत आणि निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांच्या निवृत्तिवेतनाची तरतूद याच येण्यातून वळती झाली. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचा दर ४.०३ डॉलरवरून २.८० डॉलरवर आणण्यात आला आणि गोठलेल्या पौंडांची डॉलरमधली किंमत एका रात्रीत तीस टक्क्यांनी घसरली. उरलेली शिल्लक धान्याच्या आयातीत आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या यंत्रसामग्रीत संपत गेली. १९५८ मध्ये परकीय चलनाचा खडखडाट झाला, तेव्हा मदतीसाठी भारत वॉशिंग्टनमधील जागतिक बँकेच्या दारात उभा होता. अकरा वर्षांत सावकाराचा ऋणको झाला, आणि नव्या सावकाराचा पत्ता वॉशिंग्टनचा होता.

प्रश्न : आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांना काळ्या पाण्याची शिक्षा अंदमानात नव्हे तर एडनला का भोगावी लागली? अरबस्तानातील हे गाव मुंबई सरकारच्या अखत्यारीत कसे आले?
(एक वाचक, पनवेल)

उत्तर : आपल्या गावाजवळच्या शिरढोणच्या या सुपुत्राला एडनला पाठवणे मुंबई सरकारच्या दृष्टीने स्वतःच्याच दूरच्या कोठडीत पाठवण्यासारखे होते. जानेवारी १८३९ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारातील कॅप्टन हेन्स याने एडन जिंकले ते मुंबईहून पाठवलेल्या फौजेच्या बळावर. मुंबई-सुएझ मार्गावरच्या आगबोटींना कोळसा भरण्यासाठी मधले ठिकाण हवे होते. त्यानंतर जवळपास एक शतक, १९३२ पर्यंत, एडनचा कारभार मुंबई इलाख्यातूनच चालला. १९३७ मध्ये ती स्वतंत्र वसाहत झाली. फडके यांनी तेथील तुरुंगाचे दार उखडून पळून जाण्याचाही प्रयत्न केला, पण ते पकडले गेले आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच त्यांचा अंत झाला.

आपल्या प्रश्नामुळे एक गोष्ट लक्षात येते. सुएझच्या पूर्वेचे ब्रिटिश साम्राज्य लंडनहून हाकले जात असले, तरी माणसे, गलबते आणि पैसा मुंबई-कलकत्त्याहून पुरवला जाई. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात कुटच्या वेढ्यात अडकलेल्या पलटणींत मराठा सैनिक होते. दुसऱ्या महायुद्धात इटलीत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. त्या युद्धात २५ लाखांहून अधिक हिंदी लोक सैन्यात होते. १९४७ नंतर यांतल्या गुरख्यांच्या चार रेजिमेंटच ब्रिटनच्या हाती राहिल्या. एडनवरचा झेंडा त्यानंतर वीस वर्षे फडकत राहिला आणि ३० नोव्हेंबर १९६७ रोजी उतरला, पण ज्या हिंदी सैन्याच्या भरवशावर तो रोवला होता ते केव्हाच दुसऱ्या देशाचे झाले होते.

प्रश्न : सुएझच्या टिपणात आपण लिहिले, की अमेरिकेने एकही गोळी न झाडता ब्रिटनला माघार घ्यायला लावली. हे नेमके कसे घडले ते सविस्तर लिहावे.
(एक प्राध्यापिका, कोल्हापूर)

उत्तर : १९ जुलै १९५६ रोजी अमेरिकेने इजिप्तला आस्वान धरणासाठी देऊ केलेली मदत काढून घेतली. आठवड्याभराने, २६ जुलैला, अलेक्झांड्रियातील सभेत इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी भाषणात कालवा खोदणाऱ्या 'द लेसेप्स' याचे नाव पुन्हा पुन्हा घेतले. ते नाव हा संकेत होता. रेडिओवर ते ऐकताच त्यांच्या माणसांनी कालवा कंपनीची कार्यालये ताब्यात घेतली. या कंपनीचे ४४ टक्के भाग ब्रिटिश सरकारच्या मालकीचे होते. पंतप्रधान डिझरायली यांनी १८७५ मध्ये इजिप्तच्या कर्जबाजारी खेदिवाकडून, म्हणजे तेथील सत्ताधीशाकडून, ते ४० लाख पौंडांना विकत घेतले होते आणि त्यासाठी रोथशिल्डकडून पैसे उसने आणले होते. एका साम्राज्याने दुसऱ्या सत्ताधीशाच्या कर्जबाजारीपणाचा फायदा कसा घ्यावा, याचा तो नमुना समजला जाई. ऐंशी वर्षांनी तोच धडा ब्रिटनच्या वाट्याला येणार होता.

इजिप्तला कालवा चालवता येणार नाही, असे युरोपात सर्रास म्हटले जात होते. सप्टेंबरच्या मध्यास परदेशी वाटाडे काम सोडून गेले, तरी इजिप्शियन वाटाड्यांनी जहाजे व्यवस्थित पार केली, तेव्हा ते निमित्तही गेले. मग २२ ते २४ ऑक्टोबरदरम्यान पॅरिसजवळच्या सेव्र या गावी एका बंगल्यात ब्रिटन, फ्रान्स आणि इस्राएल यांचे प्रतिनिधी गुपचूप भेटले. इस्राएलने हल्ला करायचा, इतर दोघांनी 'भांडण सोडवण्यासाठी' मध्ये पडायचे आणि कालवा ताब्यात घ्यायचा, असा बेत ठरला आणि तो कागदावर उतरवून त्यावर सह्याही झाल्या. ब्रिटिश पंतप्रधान ईडन यांना बेत कागदावर उतरल्याचे कळले तेव्हा त्यांचा जीव कासावीस झाला. त्यांनी दोन अधिकाऱ्यांना सर्व प्रती गोळा करून आणायला दुसऱ्याच दिवशी पॅरिसला पिटाळले. फ्रेंच परराष्ट्र खात्यात त्यांना एका दालनात तासन्‌तास ताटकळत ठेवण्यात आले आणि शेवटी रिकाम्या हाताने परत पाठवले. ब्रिटिश प्रत नष्ट झाली, इस्राएलची टिकली. २० डिसेंबरला ईडन यांनी पार्लमेंटमध्ये सांगितले, की इस्राएलच्या हल्ल्याची आपल्याला पूर्वकल्पना नव्हती.

२९ ऑक्टोबरला इस्राएलने हल्ला केला, दोन दिवसांनी ब्रिटिश-फ्रेंच विमानांनी बॉम्बफेक सुरू केली आणि ५ नोव्हेंबरला पोर्ट सैदवर छत्रीधारी सैनिक उतरले. लष्करी दृष्ट्या मोहीम ठीक चालली होती. बिघडत होते ते पौंडाचे. नासर यांनी जहाजे बुडवून कालवा बंद केला, सीरियात तेलवाहिनीची पंपकेंद्रे उडवण्यात आली आणि पश्चिम युरोपचे तेल अडले. आता तेल हवे तर ते अमेरिका खंडातून, डॉलर मोजून आणावे लागणार होते, आणि पौंड घसरणार या भीतीने जो तो पौंड विकून डॉलर घेत होता. बँक ऑफ इंग्लंडला दर टिकवण्यासाठी गंगाजळीतले डॉलर बाजारात ओतावे लागत होते. नाणेनिधीतून आपल्याच वाट्याची रक्कम काढायची म्हटली, तरी अमेरिकेच्या संमतीशिवाय ते शक्य नव्हते. निवडणुकीच्या तोंडावर आपल्याला अंधारात ठेवले म्हणून अध्यक्ष आयझेनहॉवर संतापलेले होते. त्यांचे अर्थमंत्री हम्फ्री यांनी आधी युद्धबंदी आणि मग माघार, त्याशिवाय पैसाही नाही आणि तेलही नाही, असे स्पष्ट केले. अमेरिकेने पौंड विकून टाकण्याची धमकी दिली, अशी कथा पुष्कळदा सांगितली जाते. तशी गरजच नव्हती. बुडणाऱ्याला हात न देणे पुरेसे होते.

मंत्रिमंडळात युद्धाचे सर्वांत हिरिरीने समर्थन करणारे अर्थमंत्री हॅरॉल्ड मॅकमिलन हेच आता माघारीचे सर्वांत मोठे पुरस्कर्ते झाले. ६ नोव्हेंबरच्या सकाळी त्यांनी सहकाऱ्यांना सांगितले, की आठवड्याभरात दहा कोटी पौंड गेले. हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कितीतरी फुगलेला होता, असे अभ्यासकांनी पुढे दाखवून दिले आहे; घाबरून चूक झाली, की मुद्दाम, यावर मतभेद आहेत. त्याच मध्यरात्री युद्धबंदी झाली, तेव्हा सैन्य पोर्ट सैदपासून सुमारे ३७ किलोमीटरवरच्या एल कॅपपर्यंत पोचले होते; कालव्याचा तीन चतुर्थांशांहून अधिक भाग पुढे तसाच होता. तरीही अमेरिका द्रवली नाही. नोव्हेंबरअखेर गंगाजळी २०० कोटी डॉलर या धोक्याच्या रेषेखाली गेली. बिनशर्त माघारीचा निर्णय डिसेंबरच्या सुरुवातीला झाला आणि लगेच नाणेनिधीने सुमारे १३० कोटी डॉलरची व्यवस्था करून दिली. २२ डिसेंबरपर्यंत शेवटचा सैनिक निघाला. त्यांची जागा घेणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत भारतीय तुकडीही होती. ९ जानेवारी १९५७ रोजी ईडन यांनी राजीनामा दिला आणि त्यांच्या जागी मॅकमिलन आले. पुढच्या सात वर्षांत घानापासून केनियापर्यंतच्या वसाहती ज्या घाईने मोकळ्या करण्यात आल्या, तिचे मूळ या दहा आठवड्यांत शोधावे लागते.

फ्रान्सने याच प्रसंगातून उलटा निष्कर्ष काढला, हेही नोंदवायला हवे. अमेरिकेवर विसंबता येत नाही, असे ठरवून तो देश युरोपीय ऐक्याकडे आणि स्वतःच्या अणुबॉम्बकडे वळला. मार्च १९५७ मध्ये रोमचा करार झाला. ब्रिटनने मात्र वॉशिंग्टनशी पुन्हा कधी वाकडे घ्यायचे नाही, असे ठरवले.

प्रश्न : सुएझमधून माघार घडली ती रशियाच्या अणुधमकीमुळे, असे माझे वाचन आहे. आपण रशियाचा उल्लेखही केला नाही.
(एक वाचक, नागपूर)

उत्तर : ५ नोव्हेंबरला सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन यांनी लंडन आणि पॅरिसला क्षेपणास्त्रांची आठवण करून देणारी पत्रे पाठवली, हे खरे. परंतु त्याच दिवसांत सोव्हिएत रणगाडे हंगेरीतील उठाव चिरडण्यासाठी बुडापेस्टमध्ये गुंतलेले होते, आणि लंडनमधल्या निर्णयावर त्या पत्रांपेक्षा पौंडाच्या घसरणीचा प्रभाव कितीतरी अधिक होता. अरब जगात मात्र श्रेय मॉस्कोला मिळाले. ती पोकळी सोव्हिएत संघाने भरू नये म्हणून जानेवारी १९५७ मध्ये आयझेनहॉवर यांनी मध्यपूर्वेसाठी स्वतःचे धोरण जाहीर केले.

प्रश्न : माझे आजोबा १९५० च्या दशकात बहारीनला नोकरीला होते. तेथे पगार रुपयांत मिळे, असे ते सांगत. घरात एक वेगळ्याच रंगाची नोटही आहे. ब्रिटिशांच्या अमलाखालच्या आखातात भारताचा रुपया कसा?
(एक वाचक, दुबई, मूळ गाव चिपळूण)

उत्तर : आजोबांचे म्हणणे बरोबर आहे. आखाताचा राजकीय कारभार १९४७ पर्यंत हिंदुस्थान सरकारमार्फत चालत असल्याने कुवेतपासून मस्कतपर्यंत रुपयाच चाले, आणि नंतरही चालत राहिला. गोची अशी झाली, की दुबईत सोने घेऊन ते चोरट्या मार्गाने मुंबईला आणणारे लोक रुपये आखातात नेत आणि ते रुपये फिरून आपल्या पौंडांच्या गंगाजळीवर दावा करीत. म्हणून १९५९ मध्ये रिझर्व्ह बँकेने फक्त आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या. आपल्या नोटेवरच्या क्रमांकाआधी 'झेड' हे अक्षर असेल, तर ती त्यांपैकीच एक समजावी. कुवेतने १९६१ मध्ये आणि बहारीनने १९६५ मध्ये स्वतःचा दिनार आणला. जून १९६६ मध्ये आपण रुपयाचे अवमूल्यन केल्यावर इतरांनीही एकेक करून तो सोडला.

त्या भागातून ब्रिटन गेले तेही पौंडाच्याच पायी. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंड २.८० वरून २.४० डॉलरवर आला आणि दोनच महिन्यांत पंतप्रधान विल्सन यांनी १९७१ अखेर सुएझच्या पूर्वेचे तळ सोडण्याचे जाहीर केले. सैन्याचा खर्च आम्ही देतो, तुम्ही थांबा, असे आखातातील शेखांनी सुचवले होते. संरक्षणमंत्री डेनिस हीली यांनी ते तुच्छतेने उडवून लावले. आपण आज जेथे राहता तो देश २ डिसेंबर १९७१ रोजी अस्तित्वात आला. बहारीनमधील ब्रिटिश आरमारी तळाचा एक भाग त्याच वर्षी अमेरिकी आरमाराने भाड्याने घेतला आणि ते आरमार अजून तेथेच आहे.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. अमेरिकेचेही ब्रिटनसारखेच होणार आणि चीन तिची जागा घेणार, असे म्हणता येईल का?
(एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : परीक्षेत असे प्रश्न आले, तर साम्यापेक्षा फरकावर अधिक लिहावे, असे आम्ही सुचवू. ब्रिटनचे युद्धोत्तर देणे बरेचसे पौंडांत होते, पण त्याला लागणारा गहू, तेल आणि यंत्रे डॉलरशिवाय मिळत नव्हती, आणि डॉलर छापणे त्याच्या हाती नव्हते. अमेरिकेचे कर्ज प्रचंड असले तरी ते तिच्याच चलनात आहे, आणि जगातील मध्यवर्ती बँकांच्या राखीव गंगाजळीचा निम्म्याहून अधिक हिस्सा आजही डॉलरमध्येच असतो. ऑगस्ट १९७१ मध्ये निक्सन यांनी डॉलरच्या बदल्यात सोने देणे बंद केले, तेव्हाही डॉलर संपला असे पुष्कळांनी लिहिले होते. दुसरे असे, की ब्रिटनची जागा घेणारा देश त्याचा मित्र होता, भाषेने जवळचा होता आणि अडचणीत असताना कर्ज देणाराही होता. तरी त्याने १९५६ मध्ये काय केले ते वर आलेच आहे. अमेरिका आणि चीन यांचे नाते तसे नाही. चीनच्या चलनाची देवाणघेवाण अजून सरकारी नियंत्रणाखाली आहे, आणि हवा तेव्हा बाहेर काढता येणार नाही असा पैसा इतर देश फारसा साठवून ठेवत नाहीत. गोठवलेल्या खात्याचा अनुभव भारताने घेतलेलाच आहे. साम्य शोधायचेच तर एका ठिकाणी ते दिसते: पौंडाची पत १९३१ मध्ये सुवर्णपरिमाण (पौंडाच्या बदल्यात ठरलेले सोने देण्याची हमी) सोडल्यापासून ओसरू लागली होती, पण ब्रिटनच्या राज्यकर्त्यांना ते पुरते उमजायला पंचवीस वर्षे लागली.

प्रश्न : मी एका पतसंस्थेत वसुलीचे काम पाहतो. एकच विचारतो, केन्स यांनी आणलेले ते अमेरिकी कर्ज फिटले का?
(एक वाचक, इस्लामपूर)

उत्तर : फिटले. १९५१ पासून वर्षाला एक याप्रमाणे पन्नास हप्ते ठरले होते, म्हणजे शेवटचा हप्ता २००० साली यायचा. मध्ये सहा वर्षांचे हप्ते पुढे ढकलण्यात आले: १९५६, १९५७, १९६४, १९६५, १९६८ आणि १९७६. पहिल्या दोन सालांचे कारण वरच्या उत्तरांत सापडेल. त्यामुळे मुदत सहा वर्षे लांबली आणि सुमारे ८.३ कोटी डॉलरचा अखेरचा हप्ता डिसेंबर २००६ च्या शेवटच्या आठवड्यात अमेरिकेच्या खात्यात जमा झाला. कर्ज घेताना लंडनमध्ये मजूर पक्षाचे सरकार होते, आणि फेडतानाही त्याच पक्षाचे होते.